जपानी पद्धतीचा करगा

अनुसयाबाईचा पाय ज्या दोराने खाटेला बांधला होता, तो दोर माझा होता. माझा म्हणजे सरकारी. त्यावर दर दहा इंचांवर लाल खूण होती आणि त्या खुणा मी स्वतः, पट्टी लावून, दोन दिवस खपून केल्या होत्या. इतके मोजूनमापून कुणाला बांधल्याचे तालुक्यात दुसरे उदाहरण नसावे.

ही गोष्ट १९५४ सालची. मी बावीस वर्षांचा होतो आणि शेतकी शाळेचा दोन वर्षांचा अभ्यास पुरा करून नुकताच बाहेर पडलो होतो. कुडवा गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. त्यामुळे वडिलांना मी जवळजवळ कलेक्टर झालो असे वाटे, आणि त्यांचा हा गैरसमज दूर करण्याची घाई मी कधी केली नाही. शेतकी खात्याने मला कामदार, म्हणजे शेतीचा प्रचारक, म्हणून चोरखमारा तलावाच्या नहराखालच्या, कालव्याच्या पाण्यावरच्या एका गावी पाठवले. लोकांना जपानी पद्धतीने, म्हणजे दोर ताणून ओळीत, धान लावायला शिकवणे हे माझे काम. सोबत खुणांचा दोर, एक जपानी कोळपे, अमोनियम सल्फेटची दोन पोती आणि एक छापील पुस्तिका होती. गाव कित्येक पिढ्या धान लावत आले होते, पण त्यांच्याकडे पुस्तिका नव्हती, म्हणून मला त्यांची कीव येई.

राहायला मला शालीकरामच्या ओसरीलगतची खोली मिळाली. शालीकराम चाळिशीचा, कमी बोलणारा शेतकरी. त्याने नहराजवळची एक बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा, मला नमुना म्हणून करून दाखवायला दिली. घरात त्याची बायको शकुंतलाबाई आणि आई अनुसयाबाई, एवढीच माणसे.

अनुसयाबाई सत्तरीला टेकली होती. शालीकराम पाळण्यात असताना तिचा नवरा गेला. दीर म्हणाला, जमीन मी पाहतो, तू पोर सांभाळ. तिने पोर जाऊबाईच्या मांडीवर दिले, विळा कमरेला खोचला आणि स्वतः बांधीत उतरली. पुढे चाळीस वर्षे ती उतरतच राहिली. हळूहळू तिची एका गोष्टीसाठी आसपासच्या चार गावांत ख्याती झाली. तिला करगा ओळखता येई.

करगा म्हणजे धानात उगवणारे रानटी धान. लोंबी येईपर्यंत ते अगदी धानासारखे दिसते. लोंबी आली की तिला लांब कुसे फुटतात आणि पिकायच्या आधीच दाणे खाली गळून जातात. त्या वर्षी हाती काही लागत नाही आणि पुढच्या वर्षी करगा दुप्पट होतो. म्हणून त्याला लवकर उपटायला हवे, आणि लवकर तो ओळखू येत नाही. अनुसयाबाईला येई. रोप वीतभर असतानाच ती वाकून त्याच्या बुडाशी बोटे घाली, जरा थांबे, आणि एक ठेवून दुसरे उपटी. कसे ओळखता म्हणून कुणी विचारले तर तिला सांगता येत नसे. बूड थोडे लालसर असते, असे शकुंतलाबाई सांगायची; पण धानाचेही कधी कधी लालसर असते, हेही तीच सांगायची. गावाचा रिवाज असा होता की पेरणीआधी बियाणे अनुसयाबाईच्या सुपात जायचे. ती चार दाणे तळहातावर चोळून आतला तांदूळ पाहायची. तिने मान हलवली की पेरायचे.

मी आलो तेव्हा हा रिवाज बंद पडून दोन वर्षे झाली होती. बुडी, म्हणजे म्हातारी, विसरली, असे गावातले लोक म्हणत. त्याला कुणी आजार म्हणत नव्हते. ती भाजीत दोनदा मीठ घाले किंवा मुळीच घालत नसे. शालीकरामला आपल्या भावाच्या नावाने हाक मारी. आणि रोज सकाळी विळा घेऊन निघे. कुठे निघाली ते तिला वाटेत आठवत नसे, पण पाय थांबत नसत. त्या उन्हाळ्यात ती थेट बोदलकसा तलावाच्या पाळीपर्यंत चालत गेली. तिथल्या मासे धरणाऱ्या ढिवरांनी तिला सावलीत बसवून पाणी पाजले आणि संध्याकाळी बैलगाडीतून घरी पोचवले. गाडीतून उतरताना तिने त्यांना विचारले म्हणे, तुमच्याकडचा रोवणा झाला का.

आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला आणि घरात दिवसभर कुणी राहीना. एका सकाळी शालीकराम माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमी शिकलेले मानूस हाव," तो म्हणाला. "मायसाठी काही करता आलं तं पाहा. नाई तं मले तिले बांधून ठेवा लागंल."

मी लगेच हो म्हटले. माणूस विसरतो म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधून बुजवायची, इतके सोपे ते मला वाटले. शेतकी शाळेत आम्हाला बांधांची गळती बुजवायला शिकवले होते.

पहिल्या दिवशी मी वेळापत्रक केले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, रंगीत पेन्सिलीने चौकटी पाडून, सुवाच्य अक्षरात. ते भिंतीवर लावले. मग घरातल्या सगळ्या वस्तूंवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या : मीठ, हळद, पाण्याचा माठ, शालीकराम (मुलगा). शेवटची चिठ्ठी शालीकरामने निमूट सदऱ्याला लावून घेतली आणि तशीच तो बांधीवर गेला. अनुसयाबाईला वाचता येत नाही, हे मला शकुंतलाबाईने तिसऱ्या दिवशी सांगितले. इतके दिवस का सांगितले नाही, असे मी विचारले. तिला वाटले होते की चिठ्ठ्या माझ्यासाठी आहेत.

मग मला कळले की म्हातारीला वाचन नको, हाताला काम हवे. इथवर माझे बरोबर होते. मी तुरीची आणि लाखोळीची डाळ एकत्र केली आणि सूप तिच्यापुढे ठेवून म्हटले, आजी, एवढे निवडून द्या. तिने दुपारपर्यंत निवडले. मान वर केली नाही, उठली नाही, विळा मागितला नाही. दोन ढीग असे झाले की एकात दुसऱ्याचा दाणा सापडेना. मी इतका खूश झालो की प्रयोगवहीत तिच्या नावाचे पान काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडायला हवे म्हणून ते दोन्ही ढीग मी तिथेच सुपात एक केले आणि हाताने नीट कालवले. ती उंबऱ्यात बसून पाहत होती. मुलाचे नाव विसरणारी ती बाई ही गोष्ट मात्र विसरली नाही. पुढचे कित्येक दिवस मी अंगणातून गेलो की ती सुनेला विचारी, "ह्या पोऱ्याचं डोस्कं कधीपासून असं हाये?" आणि त्या हंगामात पुन्हा सुपाला तिने हात लावला नाही. बाजूला एक जुने सूप पडले होते, त्यालाही नाही.

तरीही मी हरलो नव्हतो. मी तिला बरोबर घेऊन फिरू लागलो. माझी नमुन्याची बांधी सगळ्यांच्या आधी लावून झाली होती आणि वीतभर रोपे दोराच्या रेषेत अशी उभी होती की मी रोज एका कोपऱ्यात बसून, एक डोळा मिटून, त्यांच्याकडे पाहत असे. एके दिवशी ती सोबत असताना शेजारचा दुलीचंद बांधावर आला. दुलीचंदचे गंभीर चेहऱ्याने बोललेले प्रत्येक वाक्य दोनदा तपासून घ्यावे लागे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पेरणीच्या वेळी माझे बियाणे थोडे कमी पडले होते, ते मी त्याच्याच कोठीतून घेतले होते. तेव्हा तो म्हणाला होता की बुडीचे डोके गेले असेल, पण हात गेले नसतील, एकदा तिच्या सुपात टाकून पाहा. मी त्याला मिठाच्या पाण्याची चाचणी समजावून दिली होती. अंडे तरंगेल इतके मीठ पाण्यात घालायचे, बियाणे टाकायचे. वाईट ते वर येते, चांगले ते तळाशी बसते. करग्याचा दाणा चांगला टपोरा असतो आणि तोही तळाशीच बसतो, हे पुस्तिकेत नव्हते. जपानात करगा नसेल.

तर दुलीचंदने त्या दिवशी अमोनियम सल्फेटबद्दल काहीतरी विचारले. तासभर तरी मी बोललो असेन. त्याला सल्फेटची माहिती नको होती, माझ्या छत्रीची सावली हवी होती, असे त्याने पुढे कबूल केले. मी वळून पाहिले तेव्हा अनुसयाबाई माझ्या बांधीत, पोटरीभर चिखलात वाकलेली होती आणि बांधावर उपटलेल्या रोपांचा ढीग पडला होता.

मी काय काय ओरडलो ते लिहीत नाही. तिला दंडाला धरून बाहेर काढले. ती घाबरली नाही, चिडलीही नाही. हातातले रोप तिने मला दाखवले आणि मी ते पाहिले नाही. दुलीचंद तिला घरी घेऊन गेला. मी विजार वर केली, दोर ताणला, आणि उपटलेले एकेक रोप रिकाम्या जागी पुन्हा लावले. दोनशे अकरा रोपे. कुणी पाहायच्या आत नमुना पूर्ववत व्हावा म्हणून मी ती दुपार उपाशी काढली. इतक्या तन्मयतेने मी आयुष्यात दुसरे कुठलेही काम केलेले नाही.

संध्याकाळी शालीकरामला सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला, "काय उपटलं मायनं?"

"धान," मी म्हटले. "चांगले उभे धान."

माझ्या शिक्षणावर त्याचा माझ्याहून अधिक विश्वास होता. तो उठला. घरातला दोर बैलांकडे गुंतला होता, म्हणून माझा घेतला. शकुंतलाबाईने अनुसयाबाईच्या घोट्याभोवती आधी जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळला, मग त्यावर गाठ मारली. दोर ओसरीभर फिरता येईल इतका लांब होता. मी तेव्हा प्रयोगवहीत काहीतरी लिहीत होतो.

रोवणा संपला तरी दोर सुटला नाही, कारण आता सगळ्यांच्याच बांधीत उभे धान होते. पहिले काही दिवस अनुसयाबाई सकाळी उठून चालू लागे, दोर ताणला की थांबे, मागे वळून पाही. मग ती उठेनाशी झाली. खाटेवर बसून ती खाटेचा सुंभ बोटांनी चाचपे, एक धागा सोडी, एक उपसे. महिन्याभरात खाटेची एक बाजू उसवली. शकुंतलाबाई ती पुन्हा विणून घेई. पोळ्याला बैल सजवून दारात आणले तेव्हा सुनेने आरतीचे ताट तिच्या हातात दिले, तर ते धरायचे कशाला हे तिला कळले नाही. मी ओसरीतून जाताना वेळापत्रकाकडे पाहत असे, म्हणजे खाटेकडे पाहावे लागत नसे.

पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी तालुक्याच्या साहेबांचे पत्र आले : नमुना पाहायला येत आहे. मी बांधीवर धावलो. धान अजून पोटरीत होते, लोंबी बाहेर पडायची होती. पण त्यातून, त्याच्यापेक्षा हातभर उंच, लांब लालसर कुसांच्या लोंब्या डोकावत होत्या. इकडे एक, तिकडे तीन, मध्ये सहा. आणि प्रत्येक लोंबी रेषेत होती. मी बांधीत उतरून बारकाईने पाहिले. मी त्या दुपारी जिथे जिथे हात लावला होता, बरोबर तिथे त्या होत्या.

दुलीचंद येऊन शेजारी उभा राहिला. त्याने एक डोळा मिटून ओळी पाहून घेतल्या.

"कामदारसाहेब," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "करगा आमीबी लावला, बापानंबी लावला. पन लाईनीत नाई जमला कोनाले."

मी एकेक ओळ मोजत गेलो. लावलेल्या दोनशे अकरांपैकी काही जगली नव्हती. जगलेल्यांत एकोणीस रोपे धानाची होती. बाकी सगळा करगा. म्हणजे ज्या बाईला संध्याकाळी सकाळचे आठवत नव्हते, तिची चूक एकोणीस. आणि ज्याला पुस्तिका पाठ होती, त्याची दीडशेच्या वर. लोंब्या गळायच्या आत त्या सगळ्या काढायला हव्या होत्या. आता तर आंधळ्यालाही करगा दिसला असता, तो काढायला अनुसयाबाईची गरज नव्हती. तरी मी शालीकरामकडे गेलो, कारण न जाणे मला जमेना.

तो गोठ्यात होता. मी सगळे सांगितले : ढीग, दोनशे अकरा, एकोणीस. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिला.

"मी तुमाले इचारलं होतं," तो म्हणाला, "काय उपटलं मनून."

त्याने बैलाच्या पाठीवरचा हात काढला.

"बांधली मी. सोडाले तुमी सोडा."

शकुंतलाबाईची गाठ मला सुटेना. दोन वर्षांच्या अभ्यासात ती गाठ नव्हती. मी खाटेजवळ उकिडवा बसून नखाने ओढत होतो आणि अनुसयाबाई वरून माझ्या डोक्याकडे पाहत होती. ती मला ओळखत नव्हती, हे एका परीने बरेच होते. शेवटी तिने वाकून स्वतःच ती गाठ सोडली. दोन बोटांनी, एका झटक्यात. तिला ती पहिल्या दिवसापासून सोडता येत होती की आज आली, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचार केला की बरे वाटत नाही.

"आजी," मी म्हटले, "माझ्या बांधीत करगा झाला."

"कोनाच्या?"

"माझ्या."

तिने मला नीट न्याहाळले. "बियानं दाखवून नाई घेतलं कोनाले?"

नाही, असे मी म्हटले. ती उठली.

पण बांधीवर पोचल्यावर ती बांधावर बसली ती बसलीच. दीड महिन्यात तिचे पाय बारीक झाले होते आणि घोट्यावर फिकट वळ होता. समोर लोंब्या डुलत होत्या आणि ती पाण्यात पाहत होती. मी ऐकवायला भाषण तयार केले होते, ते विसरलो. उशीर झाला, एवढेच कळत होते. मग शकुंतलाबाई पाण्यात उतरली आणि तिच्यासमोर उपटू लागली. दोन करगे उपटले. तिसऱ्या वेळी तिने धानाला हात घातला. चुकून की मुद्दाम, ते मी कधी विचारले नाही.

"ते कायले उपटून राहिली?" अनुसयाबाई म्हणाली. "ठेव ते."

आणि ती उतरली.

दुपारपर्यंत सासू-सुनेने अर्धी बांधी काढली. मीही त्यांच्या मागे लागलो. अनुसयाबाई मला रोजीवर आलेला गडी समजत होती आणि त्या दृष्टीने मी फार हळू होतो. असा गडी कोणी आणला, असे तिने सुनेला दोनदा विचारले. उपटलेल्याचा मोठा ढीग झाला तेव्हा ती म्हणाली की दाणे इथे गळू द्यायचे नाहीत, भारा बांधून गोठ्यात न्यायचा. बांधायला दोर मागितला. माझ्या खांद्यावर तोच होता, मघाशी सोडलेला. तिने त्यावरच्या लाल खुणांकडे क्षणभर पाहिले, असला दोर कशाला हवा अशा अर्थाने तोंड वाकडे केले, आणि भारा आवळला.

"उचल," ती म्हणाली.

साहेब एक दिवस आधीच आले. नहराच्या रस्त्यावर जीप थांबली तेव्हा जपानी पद्धतीचा प्रचारक डोक्यावर करग्याचा भारा घेऊन, चिखलाने माखून, एका म्हातारीच्या मागून चालत होता आणि म्हातारी त्याला पाय उचल म्हणत होती. साहेबांनी अहवालात लिहिले की ओळी उत्तम आहेत, पिकाबद्दल काही सांगता येत नाही. हा अहवाल मी जपून ठेवला आहे.

त्यानंतर अनुसयाबाईला कुणी बांधले नाही. ती बरी झाली, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. पण सकाळी ती विळा घेऊन निघाली की कुणीतरी बरोबर निघे. शकुंतलाबाई, कधी शेजारची बाई, आणि माझी बदली होईपर्यंत पुष्कळदा मी. तिला कुठे जायचे ते आठवत नसे, पण कुठल्याही बांधीवर नेले की काम तिला आठवे. दुलीचंदने पुढच्या वर्षी आपले बियाणे आधी तिच्या सुपात टाकले. तिने मान हलवली नाही; त्याने ते पेरले नाही. मी माझी पुस्तिका घेऊन शेजारीच बसलो होतो आणि कुणी मला विचारले नाही.

चौथ्या वर्षी, बदलीनंतर, मी सुटीत त्या गावी गेलो. अनुसयाबाई बांधीत होती. आता तिची बोटेही चुकत होती. ती धान आणि करगा सारखेच उपटत होती, आणि घराजवळचा एक लहान कोपरा शालीकरामने तिच्यासाठीच दाट पेरून ठेवला होता. मला सुपातली डाळ आठवली. मी शकुंतलाबाईला हळूच म्हटले की मग हे माझ्यासारखेच झाले की, खोटेच काम.

शकुंतलाबाईने सासूने उपटलेल्या रोपांची पेंढी बांधली, गोठ्यात नेली, बैलांपुढे टाकली. बैल खाऊ लागले.

"खोटं कसं होईल, बाबू," ती म्हणाली. "बैल तं खाऊन राहिले."

मागून अनुसयाबाईने विचारले की दुसरी पेंढी कोण नेणार आहे. मी विजार वर केली.